टरफलांची मोजणी

घरात ती धाकटी आणि ऑफिसात आळशीबाई. घरातलं नाव जन्माने मिळालेलं, ऑफिसातलं कामाने. आळस म्हणाल तर तिच्या अंगात औषधालाही नव्हता, पण ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहायची ती भाषा मात्र आळशी. आळशी म्हणजे काय, तर एखादं उत्तर कोणी मागेपर्यंत ते काढायचंच नाही. 'बघू नंतर' एवढी चिठ्ठी लिहून ठेवायची आणि खरंच कोणी दारात येऊन उभं राहिलं तरच हात हलवायचे. शेजारच्या टेबलावरचे तिला चिडवायचे की बाई, तुमचं यंत्र आणि आमचे चिरंजीव एकाच मुशीतले दिसतात. ती हसायची, कारण काम बहुतेक वेळा तिचंच आधी संपायचं. आपण तिला धाकटीच म्हणू.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिचं यंत्र मध्येच बंद पडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर दोनच शब्द होते: मेमरी संपली. याच प्रोग्रामने आत्तापर्यंत अकरा फेऱ्या मुकाट्याने पार पाडल्या होत्या.

फेऱ्या कसल्या, ते आधी सांगायला हवं. समजा एका घरात नवऱ्याला किडनी हवी आहे. बायको एका पायावर द्यायला तयार, पण तिची त्याला चालत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी घरात आई द्यायला तयार, मुलीला चालत नाही. पण या बायकोची त्या मुलीला चालते आणि त्या आईची या नवऱ्याला. म्हणजे चक्क साटंलोटं. दोन घरांचं कोणीही कागदावर जुळवून देईल. पन्नास-साठ घरं झाली की माणसाचं डोकं चालेनासं होतं, म्हणून धाकटीचा प्रोग्राम. तो एका घरापाशी जायचा आणि विचारायचा, तुमची किडनी कोणाला चालेल? उत्तर मिळालं की त्या घरापाशी जाऊन पुन्हा तोच प्रश्न. तेच काम स्वतःला पुन्हा पुन्हा हाक मारत साखळी विणत जायचं. एक मांडणी पुरी झाली की आधीच्या सर्वांत चांगल्या मांडणीशी ताडून बघायची, सरस असेल ती ठेवायची, दुसरी सोडून द्यायची आणि पुढे चालायचं.

दर चार महिन्यांनी एक फेरी. यादी दुपारी एकच्या आत गेली पाहिजे, कारण चार-पाच हॉस्पिटलांनी त्यासाठी शस्त्रक्रियेच्या खोल्या आणि सर्जन अडवून ठेवलेले असतात. एक वाजून गेला की खोल्या दुसऱ्यांना जातात आणि सगळ्यांची फेरी चार महिने पुढे ढकलली जाते. या वेळी दोन विभागांच्या याद्या पहिल्यांदाच एकत्र केल्या होत्या, त्यामुळे साठ जोड्यांच्या एकशे सेहेचाळीस झाल्या. शिवाय एक निराळाच माणूस आला होता. त्याचं कोणी आजारी नव्हतं, तो नुसता देऊन टाकायला तयार होता. असा एक जण मिळाला की त्याच्यापासून लांबच लांब साखळी सुरू करता येते, म्हणून डॉक्टर मंडळी खूष होती.

आणि त्या एकशे सेहेचाळीस जोड्यांतली त्रेचाळीस नंबरची जोडी म्हणजे धाकटीची ताई आणि भाऊजी.

हे तिने लपवलं होतं असं नाही. नात्याचा कोणी यादीत आहे, हे तिने पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. फेरीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या डॉक्टर म्हणायचे, त्यांनी विचार करून सांगितलं होतं की तुला नावं दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात, आणि हा प्रोग्राम चालवणारं दुसरं कोणी नाही, तेव्हा तूच कर. पण मागच्या फेरीत नंबर लागला नाही तेव्हा ताईने रडता रडता कार्डावरचा आकडा वाचून दाखवला होता. त्रेचाळीस. कानावर पडलेलं परत कसं काढणार? हे मात्र धाकटीने कोणाला सांगितलं नाही. मूग गिळून गप्प बसली.

भाऊजींना डायलिसिसवर तीन वर्षं झाली होती. एक दिवसाआड चार तास. आता हाताच्या शिरा दाद देईनाशा झाल्या होत्या. सुया टोचायची डाव्या हाताची जागा बंद पडली, उजव्या हाताची कशीबशी चालू होती. तीही गेली तर पुढे काय, हे त्यांचे डॉक्टर सरळ सांगत नव्हते, पण चार महिन्यांचा भरवसा देता येत नाही एवढं त्यांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. भाऊजी म्हणजे ज्यांनी धाकटीला सायकल शिकवली, तिचा पहिला कॉम्प्युटर स्वतःच्या खांद्यावरून तीन जिने चढवला ते. वडील गेल्यावर तिच्या मागे उभे राहिले तेही तेच.

तर नऊ वाजून दहा मिनिटं. मोठ्या डॉक्टर आल्या, पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि आदळआपट न करता विचारलं की दुसरं मोठं यंत्र भाड्याने घेता येईल का. येणार नव्हतं. रोग्यांची माहिती त्या बंद खोलीबाहेर न्यायचीच नाही असा नियम होता, आणि खोलीत यंत्र एकच. मग त्या म्हणाल्या की आधी हाताशी काहीतरी असू दे. साखळी तीन घरांपलीकडे वाढवायचीच नाही असा बांध घाल आणि चालव. छोटं काम आहे, होऊन जाईल.

झालंही. सहा मिनिटांत यादी बाहेर आली. नऊ जणांना किडनी मिळत होती. पाचव्या ओळीत त्रेचाळीस नंबर होता.

धाकटीने तो आकडा बोट ठेवून वाचला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडावर हात दाबून ढसाढसा रडली. सुंठीवाचून खोकला गेला होता. तीन वर्षांनी, आणि तेही तिच्याच हातून. तिला ताईला तिथल्या तिथे फोन करावासा वाटला, पण फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागायचा, आणि तेच बरं झालं.

परत आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी कागद पालथा घालून त्यावर तिची पाण्याची बाटली ठेवली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक वाजेपर्यंत पुरी यादी निघाली तर ती जाईल. नाही निघाली तर ही. तू प्रयत्न कर."

म्हणजे आता भाऊजींना किडनी मिळण्यासाठी धाकटीने काही करायचं नव्हतं. नुसतं जमू द्यायचं नव्हतं.

तसं तिने काही मनात आणलं नाही, निदान सुरुवातीला नाही. ती मुकाट्याने कामाला लागली. पहिला संशय त्या हाकांवर. वरची हाक खालच्या हाकेच्या उत्तराची वाट बघत ताटकळते, तिच्या खालची आणखी खालच्या हाकेची, अशी रांग साठली की मेमरी खलास. म्हणून तिने तो भाग उलटून लिहिला. जमलेलं उत्तर हातात धरूनच खाली उतरायचं, म्हणजे मागे कोणाला उभं राहायला नको. शिवाय 'बघू नंतर'च्या चिठ्ठ्या साठू नयेत म्हणून प्रत्येक पायरीवर उत्तर जागच्या जागी काढायला लावलं. आळशाच्या पाठीत धपाटा घातला म्हणा ना. साडेदहाला पुन्हा चालवलं. अठ्ठावीस मिनिटांनी पुन्हा तेच: मेमरी संपली.

आणि तिला हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर बरं वाटलं, छातीवरून धोंड उतरावी तसं. मग लगेच स्वतःची एवढी लाज वाटली की कान तापले. गेल्या नऊ वर्षांत प्रोग्राम मेल्यावर तिला कधी बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी तिने मेमरीत नेमकं साठतंय काय याची नोंद चालू ठेवूनच प्रोग्राम चालवला. पावणेबाराला तोही मेला, पण नोंद हाती आली. ती बघून धाकटीच्या कपाळावर आठी पडली. ताटकळणाऱ्या हाका नव्हत्याच. चिठ्ठ्याही नव्हत्या. साठल्या होत्या त्या बघून झालेल्या मांडण्या, ज्यांचं काम संपलं होतं, ज्या केव्हाच केरात जायला हव्या होत्या. अशा भाषांत केर काढायला यंत्राच्या आतच एक झाडूवाला असतो. एखाद्या गोष्टीचं पुन्हा कोणी नाव काढणार नाही अशी खात्री पटली की तो ती उचलून टाकतो. इथे त्याची खात्री पटत नव्हती. पुढे कुठेतरी कोणीतरी त्या सगळ्यांचं नाव काढणार होतं.

ती प्रोग्राम खालून वर वाचायला लागली, आणि दुसऱ्याच मिनिटाला थांबली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शेवटून तिसरी ओळ. तिनेच तीन महिन्यांपूर्वी घातलेली.

मागच्या फेरीनंतर ताईने विचारलं होतं की नाही म्हणण्याआधी तुमच्या यंत्राने किती बघितलं तरी? दहा, शंभर, का वरवर चाळून सोडून दिलं? धाकटीला तो प्रश्न लागला होता. ज्यांना नाही सांगायचं त्यांना निदान आकडा तरी सांगता यावा, म्हणून तिने शेवटी एक ओळ घातली: एकूण किती मांडण्या बघितल्या ते छाप. साधी मोजणी. जुन्या साठ जोड्यांवर चालवून बघितली, बिनबोभाट चालली. मटार सोलताना टरफलं बाजूला टाकत जायची असतात. पण कोणी आधीच बजावून ठेवलं की शेवटी टरफलं किती निघाली ते सांग, की मग एकही टाकता येत नाही, आणि घरभर टरफलं होतात. यंत्राचं तेच झालं होतं. शेवटच्या त्या एका प्रश्नासाठी ते लाखो मांडण्या उराशी धरून बसलं होतं, पार जीव जाईपर्यंत.

बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

ओळ काढली की प्रोग्राम चालणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मोजणी चालता चालताही करता आली असती, पण ते नीट लिहायला वेळ लागला असता. नुसती ओळ काढायची. पुऱ्या यादीला चाळीसएक मिनिटं लागतील असा तिचा अंदाज होता. सव्वाबाराच्या आत सुरू केलं तर वेळेत होईल. साडेबाराला केलं तर नाही.

ती उठली आणि चहाच्या मशीनपाशी गेली. कप भरून घेतला आणि तिथेच उभी राहिली. इथे वीस मिनिटं काढली की झालं. कोणी विचारणार नव्हतं. चूक संध्याकाळी सापडली म्हणायचं, पुढच्या फेरीला दुरुस्त. मोठ्या डॉक्टर पाठीवर हात ठेवून म्हणाल्या असत्या की तू तुझ्याकडून केलंस. पुऱ्या यादीत त्रेचाळीस नंबर असेलही, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. असेलच की, मग घाबरतेस कशाला? पण नसला तर? हातातल्या ठाम होकारावर पाणी सोडून कोण जातं असं जुगाराला? तिला भाऊजींचा उजवा हात डोळ्यांसमोर दिसत होता, कोपराखाली सुजलेला, सुयांच्या डागांनी भरलेला. ती मनातल्या मनात म्हणाली, जाऊ दे, मी काही देव नाही. आणि चहा तसाच ठेवून परत फिरली.

मोठा त्याग वगैरे तिच्या मनात होता असं मी म्हणणार नाही. ती स्वतःशी एवढंच म्हणत होती की तीच ओळ आहे का, ते फक्त बघू. बघून लगेच बंद करू. सापडलेली चूक तशीच ठेवून उठणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं. ताटात केस दिसल्यावर कोणाला जेवता येतं? बारा वाजून चौदा मिनिटांनी तिने ती ओळ खोडली आणि प्रोग्राम चालू केला.

मेमरी किती भरली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ थोडी वर गेली आणि आडवी झाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आडवीच. मांडण्या येत होत्या, ताडल्या जात होत्या, केरात जात होत्या. बंद करण्याची कळ धाकटीच्या बोटाखालीच होती. बारा बत्तीसला तिने बोट तिच्यावर ठेवलं. बारा चाळीसला पुन्हा ठेवलं. घामाने ती कळ ओली झाली, पण दाबली गेली नाही. शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि लहान मुलीसारखी हातांवर बसून राहिली.

बारा चोपन्नला यादी आली. चौदा जणांना किडनी मिळत होती. धाकटीने वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचली. एकेचाळीस होता. सत्तेचाळीस होता. त्रेचाळीस नव्हता.

टेबलावर आता दोन कागद होते आणि हातात सहा मिनिटं. तिने दोन्ही उचलले, दोन्ही खाली ठेवले. तेवढ्यात मोठ्या डॉक्टर आत आल्या. त्यांनी हात पुढे केला. धाकटीने मोठी यादी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी आकडा बघितला आणि त्या चक्क खुर्चीत बसल्या. चौदा, असं दोनदा म्हणाल्या. मग जुना कागद उलटा करून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीने ताडून बघितल्या. छोट्या यादीतले दोघे मोठ्या यादीत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं.

"या दोघांना काही वेगळं कळवायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हाती काही आलंच नव्हतं."

त्यांनी छोटी यादी फाडून तिचे बारीक तुकडे केले आणि मोठी पाठवून दिली. एकला दोन मिनिटं कमी होती. पलीकडच्या टेबलांवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आळशीबाईंनी मैदान मारलं म्हणून. धाकटीने मान हलवली.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. वाटेत तिने ठरवलं होतं की 'या वेळी नाही' एवढंच सांगायचं. त्याहून जास्त सांगणं नियमात बसतच नव्हतं. ताईने दार उघडलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आत वळली. भाऊजी दुपारीच डायलिसिसहून आले होते आणि उजवा हात उशीवर ठेवून पडले होते. धाकटीने ठरवलेलं वाक्य म्हटलं. भाऊजींनी बरं म्हणून डोळे मिटले. ताई पदर चाचपत राहिली, मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जवळपास तरी आलं होतं का ग?"

हो किंवा नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ताईशी खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. लहानपणी फोडलेल्या कपबश्यासुद्धा ती आधी ताईलाच सांगायची. तिने सगळं सांगितलं. सकाळची नऊ जणांची यादी, पाचवी ओळ, मोजणीची ती चूक, चहाचा कप, चौदा जणांची यादी. सांगायला पाच मिनिटं लागली.

"ती ओळ काढ म्हणून तुला कोणी सांगितलं होतं?" ताईने विचारलं.

"कोणी नाही."

"म्हणजे तू चहा पीत उभी राहिली असतीस तर?"

"तर भाऊजींना मिळाली असती."

भाऊजींनी डोळे उघडले. नऊ आणि चौदा, म्हणजे पाच घरं जास्त, असं ते छताकडे बघत म्हणाले. मग म्हणाले की धाकटे, बस, उभी का आहेस.

"तुम्ही गप्प राहा," ताई म्हणाली. "तुम्हाला कोणी विचारलेलं नाही."

ती उठली. धाकटीची पिशवी खुर्चीवरून उचलून तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. धाकटीने चपला घातल्या. एक चप्पल पायात शिरत नव्हती, ती वाकून घालावी लागली. ताई तिच्याकडे न बघता जिन्याकडे बघत होती.

"उद्या येऊ नकोस," ताई म्हणाली. "मला तुझं तोंड बघवणार नाही."

धाकटी दोन पायऱ्या उतरली. मागे दार लागल्याचा आवाज आला नाही, म्हणून ती थांबली.

"परवा ये," वरून ताईचा आवाज आला. "सकाळी सातला. परवा यांना न्यायचं आहे, आणि मला एकटीला जमत नाही."